जगत्तुंग समुद्राच्या काठी एक आठवडा

नांदेडहून लातूरकडे निघालेली एस. टी. लोह्याला थांबते आणि तेथून कंधारसाठी निराळी वाट धरावी लागते. नांदेडपासून सारे अंतर पन्नास किलोमीटरांच्या आसपास. बालाघाटाच्या उतरत जाणाऱ्या रांगा, त्यांच्या कुशीतून वाहणारी मन्याड नदी आणि दोहोंच्या मध्ये वसलेले हे तालुक्याचे गाव. वैशाखाच्या अखेरीस या वाटेवर हिरवे असे फारसे उरलेले नसते. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, आणि बांधावरच्या कडुनिंबाच्या सावलीला तांबडी जनावरे रवंथ करीत उभी असतात. ही तांबडी जनावरे म्हणजे लाल कंधारी. गावाचे नाव मिरवणारा हा गोवंश कंधार, लोहा, मुखेड, अहमदपूर या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या जोपासला गेला आहे. कोरडवाहू रानात औताला चिवट, चाऱ्याला मिताहारी. अनेक गावांचे नाव तिथल्या साडीमुळे किंवा मिठाईमुळे दूरवर जाते. कंधारचे नाव बैलांनी नेले.

कंधारला रेल्वे नाही. त्यामुळे येथे येणारा मनुष्य बहुधा कामासाठी, नात्यासाठी किंवा दर्ग्याच्या उरुसासाठी येतो. सहज वाट वाकडी करून येणारे थोडे. आणि तरीही हजार वर्षांपूर्वी या गावाचे नाव दख्खनच्या सम्राटाच्या बिरुदात होते. राष्ट्रकूट नृपती तिसरा कृष्ण स्वतःला ‘कंधारपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत असे. दहाव्या शतकातल्या येथील शिलालेखात देवालयांची, दानधर्माची आणि ‘जगत्तुंग समुद्र’ नावाच्या विस्तीर्ण तलावाची नोंद आहे. तो तलाव आजही गावाच्या उशाशी आहे.

या गावच्या बाजारपेठेत एका सैतवाळ कुटुंबाचा जुना माळवदी वाडा आहे. पुढे दुकान, मागे राहते घर, मध्ये आड आणि तुळया धरून उभ्या असलेल्या सागवानी खांबांचा चौक. माडीवर, ज्याच्या माथ्यावर कोणाचेही पाऊल पडणार नाही अशा खोलीत, घरचैत्यालय. त्यात वीतभर उंचीची भगवान पार्श्वनाथांची धातूची प्रतिमा. दुकान आधी कापडाचे होते, मग धान्याच्या अडतीचे झाले, आता शटर दिवसातून तीन-चार तास उघडते. आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. थोरला मुलगा पुण्यात, धाकटा लातूरच्या मार्केट यार्डात, मधली लेक लोह्याला दिलेली. दर उन्हाळ्यात ही तिन्ही घरे आठवडाभरासाठी कंधारला जमतात. गेल्या उन्हाळ्यात ती वैशाख वद्य चतुर्दशीला जमली आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीला पांगली. त्या आठवड्यात मुलांसाठी पुष्कळ बेत होते. मोठ्यांपुढे मात्र एकच प्रश्न होता, आणि तो येण्यापूर्वीच फोनवर दोनदा अर्धवट बोलून झाला होता. आजोबांचे गुडघे माडीचा जिना चढू देत नाहीत. दोघांनी आता लातूरला किंवा पुण्याला येऊन राहावे, असे मुलांचे म्हणणे. मग देवाचे काय?

ज्या घरांत चैत्यालय आहे, त्यांना या प्रश्नाचे वजन सांगावे लागणार नाही. प्रतिष्ठित प्रतिमेचा प्रक्षाल-अभिषेक एक दिवसही चुकवायचा नसतो. घरातले सगळे लग्नाला गेले तरी एकाने मागे राहायचे, ही या घराची शंभर वर्षांची शिस्त. आजींनी स्वतःच्या माहेरची तीन लग्ने या पायी सोडली आहेत. त्या हे दुःखाने सांगत नाहीत. बाजारभाव सांगावा तसे सांगतात.

चतुर्दशीचा दिवस पर्वाचा. आणि वैशाख वद्य चतुर्दशी तर भगवान शांतिनाथांच्या जन्म, तप आणि मोक्ष या तिन्ही कल्याणकांची तिथी. पुण्याची मंडळी पहाटे नांदेड स्टेशनवर उतरून नऊच्या सुमारास वाड्यात पोचली, तेव्हा आजोबांचे एकाशन होते आणि माडीवर पूजा चालू होती. मात्र जिन्याच्या वर दिसली ती आजोबांची नव्हे, लोह्याच्या नातवाची पाठ. चौदा वर्षांचा हा मुलगा सुट्टी लागल्यापासून आजोळीच होता. आजोबा खाली चौकात खुर्चीवर बसून पाठ म्हणत होते आणि वरून नातू त्यांना सूर देत होता. पुण्याच्या सुनेने हे पाहिले आणि काही न बोलता मुलांना हातपाय धुवायला आडाकडे नेले.

आडापाशीच मुलांचा पहिला धडा झाला. आजीने दुहेरी कापडातून पाणी गाळले, मग ते कापड उलटे धरून त्यावर थोडे गाळलेले पाणी ओतले आणि ती जिवाणी एका लहान भांड्यातून हळूच, दोरीने, आडाच्या पाण्याला टेकवून सोडली. वरून ओतायचे नाही. पडण्याच्या धक्क्याने जीव मरतात. ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात परत. अकरा वर्षांच्या पुणेकर नातवाने विचारले, “आजी, आमच्याकडे पाणी टाकीतून येते. आम्ही जिवाणी कुठे सोडायची?” आजींना उत्तर सुचले नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर शहरातल्या कोणत्याही घरापाशी नाही. धरणातून वाहिनीत, वाहिनीतून टाकीत आणि टाकीतून अकराव्या मजल्यावर चढलेल्या पाण्याचे मूळ ठिकाण कोणते मानावे? लातूरकर मंडळींना तर २०१६ चा उन्हाळा आठवतो, जेव्हा पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले होते. त्या पाण्याची जिवाणी कृष्णाकाठी नेऊन सोडणार कोण? तरी गाळणे सुटू नये. एवढे त्या दिवशी ठरले आणि गाळण्याचे काम आठवडाभर मुलांकडे आले.

मुले एकूण सहा. पुण्याची दोन, लातूरची दोन, लोह्याची दोन. सहा ते चौदा वयाची. दिवसाचा क्रम आजीने लावून दिला होता. सकाळी दर्शन, मग न्याहारी, मग ऊन तापण्याच्या आत बाहेरची भटकंती. दुपारी माडीखालच्या थंड खोलीत बैठे खेळ. संध्याकाळी पावणेसातला सूर्य मावळण्यापूर्वी जेवण आणि त्यानंतर गच्चीवर गोष्टी. गच्चीवर धने आणि मिरच्या वाळत घातलेल्या होत्या, त्यांची राखण हेही एक काम होते. पिठाचा डबा दाखवून आजीने सांगितले की दळलेल्या पिठाची मर्यादा उन्हाळ्यात पाच दिवस, पावसाळ्यात तीन, हिवाळ्यात सात. लातूरच्या नातीने डब्याला दळणाची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. कारखान्यातल्या मालाला असते तशी. आजीला ते फार आवडले.

बैठ्या खेळांत सर्वांत रंगला तो ज्ञानबाजीचा पट. सापशिडीचा खेळ आज प्लास्टिकच्या घडीत मिळतो. पण जैन परंपरेत त्याचे चौऱ्याऐंशी घरांचे जुने पट आहेत, आणि त्यांत शिडी चढवते ती पुण्याई आणि साप उतरवतो तो कषाय. मुलांनी मांजरपाटाच्या तुकड्यावर घरे आखली. कोणत्या सापाला काय नाव द्यायचे यावर पाऊण तास भांडण झाले. क्रोधाचा साप सर्वांत लांब असावा असे मुलींचे मत पडले, लोभाचा लांब असावा असे आजोबांनी सुचवले. “दुकानात बसलेल्याला विचारा,” ते म्हणाले. शेवटी लोभाचा साप ऐंशीव्या घरातून थेट चौथ्यावर आणला गेला, आणि सहा वर्षांची धाकटी त्या सापाच्या तोंडी तीनदा पडून रडली.

किल्ला पाहणे एका सकाळीत उरकले. कंधारचा किल्ला भुईकोट आहे. भोवती पाण्याचा रुंद खंदक. राष्ट्रकूटांपासून पुढे बहामनी, निजामशाही, मोगल, आसफजाही अशा राजवटींचे हात त्यावर फिरले. फारसी शिलालेख, लाल महाल, अंबरखाना, ठिकठिकाणी मांडून ठेवलेली मूर्तिशिल्पे. मुलांनी तटावर धावाधाव केली, तोफेवर बसू नये असे सांगूनही दोघे बसले, आणि साडेनऊलाच दगड असे तापले की सावली शोधत सगळे परत फिरले. किल्ल्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्याला इमारतींत रस आहे त्याने हिवाळ्यात यावे.

मुलांना खरा विस्मय वाटला तो भल्यामोठ्या पावलाचा. कंधारला क्षेत्रपालाच्या एका महाकाय मूर्तीचे भग्न अवशेष सापडले आहेत. एकेक पाऊल असे की त्यावर दोन मुले आरामात बसतील. संपूर्ण मूर्ती पन्नास फुटांहूनही उंच असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. क्षेत्रपाल हा शब्द या मुलांना परका नव्हता. दिगंबर मंदिरांच्या दाराशी तेल-शेंदराने माखलेला क्षेत्रपाल त्यांनी पाहिलेला होता. हातभर उंचीचा तो रक्षक येथे ताडमाड कसा झाला, याचा विचार करीत ती वाटभर गप्प होती. मग लोह्याच्या मुलाने विचारले, “एवढा मोठा राखणदार होता, तरी गाव पडले कसे?” आजोबा सोबत नव्हते, त्याला उत्तर देणारे कोणी नव्हते.

संध्याकाळी जेवण आटोपून सारे जगत्तुंग समुद्राकडे गेले. उन्हाळ्याने पाणी आत सरकले होते, काठावर वाळलेल्या गाळाच्या खपल्या झाल्या होत्या आणि बगळे पुढच्या ओल्या पट्ट्यात उभे होते. पावसाळ्यात हाच तलाव ‘समुद्र’ हे नाव शोभवतो. जगत्तुंग हे राष्ट्रकूट घराण्यात एकाहून अधिक पुरुषांनी धारण केलेले नाव. त्यांत गोविंद तिसरा सर्वांत प्रतापी. त्याचाच पुत्र अमोघवर्ष, आचार्य जिनसेनांचा भक्त, ज्याच्या नावावर ‘प्रश्नोत्तररत्नमालिका’ सांगितली जाते. आणि येथे जैन वाचकाने क्षणभर थांबावे असे एक स्थळ आहे. आचार्य वीरसेनांनी षट्खंडागमावरील ‘धवला’ ही विराट टीका इ. स. ८१६ मध्ये पूर्ण केली, तेव्हा तिच्या अंतिम प्रशस्तीत त्यांनी जगत्तुंगदेवाच्या राज्याचा उल्लेख केला. मन्याडच्या खोऱ्यातल्या एका तलावाचे नाव आणि आपल्या आगमाच्या सर्वांत मोठ्या टीकेच्या अखेरीस आलेले नाव एकच आहे. कंधारच्या दुकानदाराला हे ठाऊक असते असे नाही. पण ठाऊक झाल्यावर तो तलाव पूर्वीसारखा दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबांनी मुलांपुढे कपाटातून एक ग्रंथ ठेवला. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने १९६३ साली हिंदी अनुवादासह काढलेला महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’. महावीराचार्य अमोघवर्षाच्या काळातले, म्हणजे नवव्या शतकाच्या मध्यातले. भारतात ज्योतिषापासून निराळा काढून, केवळ गणितावर लिहिलेल्या जुन्या ग्रंथांत याचे स्थान मोठे आहे. व्याज, भागीदारी, सोन्याचा कस, धान्याचे ढीग, असे व्यापाऱ्याच्या रोजच्या हिशेबाचे सारे त्यात येते. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हे महावीराचार्यांनी स्पष्ट सांगितले. पण मुलांना आजोबांनी त्यातला खेळ दाखवला. ते म्हणाले, १५२२०७ ला ७३ ने गुणा, मोबाइल नको. पाटीवर गुणाकार झाला आणि आठ एक ओळीने उभे राहिले: १११११११११ नव्हे, मोजून आठच, ११११११११. मग १३९ गुणिले १०९. उत्तर १५१५१, उलटसुलट सारखेच. मग १४२८७१४३ ला ७ ने गुणले तर १०००१०००१. गळ्यातल्या हारासारखे दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे हे आकडे म्हणजे महावीराचार्यांचे अलंकार. पुण्याच्या नातवाने दोनदा गुणून खात्री केली आणि तिसऱ्यांदा, चोरून, मोबाइलवर.

त्याच कपाटात घराच्या जुन्या वह्या होत्या. लाल कापडाची बांधणी, आत मोडी लिपीतली कीर्द आणि खतावणी. कंधार १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि येथे संस्थानाचा हाली सिक्का चालत असे. इंग्रजी मुलखातल्या रुपयाला कलदार म्हणत. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हा ढोबळ भाव. सोलापूर-मुंबईकडून माल आणायचा तो कलदारात आणि विकायचा हालीत. म्हणून त्या वह्यांत एकाच पानावर दोन राज्ये नांदतात. “चौऱ्याऐंशी हालीचे कलदार किती?” आजोबांनी विचारले. लोह्याची नात पटकन ‘बहात्तर’ म्हणाली. आजोबांनी तिला वहीवर हात ठेवू दिला. मोडी वाचणारे घरात आता ते एकटेच आहेत. एका पानावर त्यांचे बोट थबकले. दुष्काळाच्या सालची उधारी, नावापुढे शून्य. वसूल झाली म्हणून नव्हे, सोडून दिली म्हणून. त्यांनी ते पान मुलांना वाचून दाखवले नाही, नुसते सुनेला दाखवले.

मधले दोन दिवस पाहुणचाराचे. मुखेडला आजींच्या भावाकडे, तेथे मळ्यात लाल कंधारीचे एक वासरू होते. गडद तांबड्या अंगावर तळहात फिरवताना पुण्याच्या मुलीने विचारले, की याला कामाला जुंपल्यावर ते दुखते का. मामाआजोबांनी सरळ उत्तर दिले: वजन अधिक लादले, कासरा ओढला, पाणी चुकवले तर दुखते, अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध ही दोन नावे आहेत ती याचसाठी. लहानपणी पाठशाळेत पाठ केलेले शब्द असे गोठ्यात उभे राहून कळतात. ट्रॅक्टर आल्यापासून बैल ठेवणे परवडत नाही, आणि बैल नको झाला की त्याचे पुढे काय होते हा प्रश्न गोरक्षणाला वर्गणी देऊन संपत नाही, असेही ते म्हणाले. मळ्यातल्या गावरान आंब्याचा रस झाला. फळे चोखून खाण्याची होती, पण पाहुण्यांसाठी रस काढला गेला आणि तो गाळताना पुन्हा मुलांची गाळणीची पाळी आली.

परतीच्या वाटेवर बहादरपुऱ्याजवळ गाडी थांबली. कंधारची ओळख ज्या माणसाने विधानसभेत नि लोकसभेत गाजवली, त्या भाई केशवराव धोंडगे यांच्या शाळांतून आजोबांची मुलेही शिकली. ‘मन्याड खोऱ्याचा ढाण्या वाघ’ म्हणून ओळखले जाणारे हे शेतकरी कामगार पक्षाचे नेते २०२३ च्या पहिल्याच दिवशी, वयाची शंभरी ओलांडून गेले. व्यापारी पेठेचे आणि शेतकऱ्यांच्या पक्षाचे नेहमी जमले असेल असे नाही. पण शिकवणी घ्यायला नांदेडला न जाता गावातच शाळा मिळाली, हे उपकार पेठेने मानले.

तिसऱ्या आणि चौथ्या रात्री, मुले गच्चीवर झोपल्यावर, मोठी माणसे चौकात बसत. धाकट्या मुलाचे म्हणणे, प्रतिमा लातूरच्या मंदिरात द्यावी. तेथे रोज पन्नास माणसे अभिषेकाला असतात, खंड पडायची भीती नाही. थोरल्याचे म्हणणे, देव घराचे आहेत, घरासोबत यावेत. पण पुण्याच्या सदनिकेत वर दुसऱ्याचा संसार, खाली तिसऱ्याचा, भिंतीपलीकडे कोणाचे स्वयंपाकघर काय शिजवते ते ठाऊक नाही. आणि सकाळी सहाच्या बसने दोघे कामावर जातात. त्याने हे सारे अडचणी म्हणून स्वतःच सांगितले. सुनेने प्रथमच तोंड उघडले. ती कोल्हापूरकडची, जेथे जैन म्हणजे बहुधा शेतकरी आणि मंदिर म्हणजे गावाचे. “माझ्या माहेरी देव घराचे नसतात, मामंजी,” ती म्हणाली. “त्यामुळे ते सोडून जाण्याची वेळही येत नाही.” हे बोल आजोबांना लागले असावेत, ते त्या रात्री लवकर उठून गेले.

मराठवाड्यातल्या कित्येक गावांतून आज हीच चर्चा चालू आहे. मंदिर मजबूत, शिखर नवे, पूजेची पाळी घ्यायला मात्र दोन वृद्ध. पेठ मोठ्या शहराकडे सरकली की मागे देव राहतो. समाजाने नव्या मंदिरांच्या पंचकल्याणकावर जेवढा पैसा आणि उत्साह लावला, त्याचा काही अंश जुन्या वेदींच्या रोजच्या प्रक्षालासाठी राखला असता तर बरे झाले असते. हे काही नवे संकट नव्हे, हेही खरे. अर्धापूरच्या मल्लिनाथांची प्रतिमा पूर्वी शिरड शहापूरला नेली गेली आणि आज ते अतिशय क्षेत्र आहे. देवाने गाव बदलले म्हणून तो उणा झाला नाही. पण तेथे नेणारे हात होते, आणि पुढे सांभाळणारेही.

पाचव्या दिवशी लोह्याहून जावई आले. जेवताना बोलणे निघाले तेव्हा आजी वाढता वाढता थांबल्या आणि म्हणाल्या, “लेकीला कोणी विचारले का?” तिघाही पुरुषांनी तिच्याकडे पाहिले. देव मुलाकडे जातात, वाडा मुलाकडे जातो, ही रीत कोणी मोडायची ठरवली नव्हती. म्हणून कोणाच्या मनातही आले नव्हते. लोह्याच्या घराला स्वतंत्र माडी आहे, दुकान घरातच आहे, सकाळी कोणाला बस गाठायची नाही. आणि महिनाभर, सांगावे न लागता, पहाटे उठून अभिषेक करीत आला तो त्या घरचा मुलगा. लेक काहीच बोलली नाही. जावयांनी हात धुतले आणि म्हणाले, “अण्णा, तुम्ही दिले तर आम्ही घेऊ. पण तुम्हीही आमच्याकडे या. देव आमच्याकडे आणि तुम्ही लातुरात, असे नको.” लेकीच्या घरी कायमचे राहायला जाणे हे जुन्या माणसाला सोपे नसते. आजोबांनी ‘बघू’ म्हटले. आजींनी मात्र त्याच दुपारी चैत्यालयातली उपकरणे मोजून एका यादीत लिहायला नातीला बसवले. कलश दोन, झारी एक, छत्रे तीन, चवऱ्या, सिंहासन, आरसा, घंटा.

ज्येष्ठ शुद्ध पंचमी ही श्रुतपंचमी. गिरनारच्या चंद्रगुहेत आचार्य धरसेनांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना आपल्या स्मरणातले श्रुत दिले, त्यांनी ते षट्खंडागमाच्या रूपाने लिहून काढले आणि या तिथीला त्या ग्रंथाची पूजा झाली. ऐकलेले विसरले जाईल, या भीतीतून लिहिणे आले. पुढे त्या आगमाच्या ताडपत्र पोथ्या शतकानुशतके मूडबिद्रीच्या मठात राहिल्या. दर्शन होई, वाचन होत नसे. डॉ. हीरालाल जैन यांनी अमरावतीहून १९३९ साली धवलेचा पहिला खंड छापला आणि १९५८ पर्यंत सोळा खंड पुरे केले. त्या काळी छापील आगमाला विरोधही झाला. आज घरोघरच्या कपाटांत ते खंड आहेत आणि बहुतेक ठिकाणी त्यांची पाने कापलेलीही नाहीत.

या घरात श्रुतपंचमीला कपाट रिकामे करण्याची चाल आहे. सहाही मुलांनी ग्रंथ उन्हात न ठेवता सावलीत, वाऱ्यावर मांडले. मऊ कापडाने धूळ पुसली. झुरळांच्या गोळ्या नव्हे, कडुनिंबाचा वाळलेला पाला खणात अंथरला. कीटक दूर राहतात, मरत नाहीत. नवीन वेष्टणांसाठी आजीने जुन्या सुती धोतरांचे चौकोन कापून ठेवले होते. कोणता ग्रंथ कोणत्या वेष्टणात, हे वर लिहायचे काम लातूरच्या मुलाचे. त्याचे अक्षर चांगले. ‘गणितसारसंग्रह’ बांधायच्या आधी पुण्याच्या नातवाने मागितला. आजोबांनी त्याच्याकडे पाहिले, मग ग्रंथाकडे. “पाने कापलेली आहेत याची,” ते म्हणाले. “ने. पण दिवाळीला मला त्यातली दहा उदाहरणे सोडवून दाखव.”

कीर्द-खतावण्यांनाही त्याच दिवशी वेष्टणे चढली. त्या श्रुतात मोडत नाहीत, असे थोरला मुलगा हसून म्हणाला. आजोबांनी त्या तरीही बांधायला लावल्या, आणि दुष्काळाच्या सालची वही लोह्याच्या मुलाला दिली. मोडीची बाराखडी त्याला ते चातुर्मासात शिकवणार आहेत. कोठे शिकवणार, हे त्यांनी सांगितले नाही. पण चातुर्मास लागण्याला तेव्हा महिनाभरच उरला होता, आणि जिना चढण्याची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

दुपारी चारला पुण्याची मंडळी निघाली. लातूरची गाडी त्यांच्या मागून गेली. आषाढात मुहूर्त पाहून प्रतिमा लोह्याला न्यायची, विधीला सगळ्यांनी यायचे, एवढे ठरले होते. वाड्यात आजी, आजोबा आणि लोह्याची तिघे राहिली. सूर्य मावळायला अजून वेळ होता. लेकीने जेवणाची तयारी मांडली आणि तिच्या मुलाने आडावरून पाणी शेंदून दुहेरी कापडातून गाळायला घेतले.